सगुणचा ठ आणि हरवलेलं नेटवर्क

३० सप्टेंबर, मंगळवार

टक. टक-टक. टक.

गोपाळ मास्तरांची तपकिरीची पितळी डबी टेबलावर अशी वाजायची. आमची शाळा देवळाच्या मंडपात. शनिवारी शेवटचा तास कवितेच्या भेंड्यांचा. एकानं कविता म्हणायची, ती ज्या अक्षरावर संपेल त्या अक्षराची कविता दुसऱ्यानं शोधायची. डबीची टकटक तीनदा होईपर्यंत सापडली नाही तर भेंडी चढली. मास्तर ओरडत नसत, मारत नसत. नुसतं एक बोट वर करायचे. त्या बोटापेक्षा छडी परवडली असती.

आज तीच टकटक लॅपटॉपमधून आली. डिचोलीला सगुण चमच्यानं टेबल वाजवत होता.

सगुणचं आजोळ आमच्या धारगळचं, म्हणून शाळा इथली. एका पाटावर बसलो, एकाच मास्तरांच्या कविता घोकल्या. पुढे मी शिरगावच्या लोखंडाच्या खाणीवर ट्रक वजन करणारा कारकून, आणि तो मुरगावला बोटीत किती माल चढला ते टिपणारा. मी डोंगर रवाना करायचो, तो पोचला म्हणून कळवायचा. बंदराच्या आवाजानं त्याचे कान अर्धे गेले. आणि आता श्रावणात झटका आला. हात-पाय सावरले, बोलणं मात्र गेलं. पाणी हवं असलं तरी ‘आणि... आणि...’ एवढंच येतं. पुढे काही नाही.

पण कविता येतात! इस्पितळात खिडकीबाहेर बघत त्यानं एक आख्खी कविता खणखणीत म्हटली, तेव्हा त्याची सून सुविधा हातातला पेला टाकून धावली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहानपणी पाठ केलेलं डोक्यात वेगळ्या जागी असतं, ती जागा शाबूत आहे. रोज म्हणून घ्या. त्यातूनच एखाद दिवशी त्यांचा स्वतःचा शब्द सुटेल. खंड पडू देऊ नका, नाहीतर आहे तेही मुकं होईल.

म्हणून रोज तिन्हीसांजेच्या आधी आमच्या भेंड्या. त्याला ऐकताना ओठ दिसावे लागतात, म्हणून लॅपटॉप. पुतण्या सिद्धेशनं कॉलेजात वापरून टाकलेला आहे, माझ्यासारखाच जाडजूड आणि गरम होणारा.

आज सगुणनं राखून ठेवलेलं अस्त्र काढलं. मास्तरांची स्वतःची कविता, भूगोलाच्या तासाला गावं पाठ व्हावीत म्हणून रचलेली:

पालयें, केरी, हरमल, मांद्रें — पुढे दर्याची गाज
मोरजीची रेती तुडवुनी पार्सें गाठू आज
तुयें, विर्नोडा, पेडणें आलें, सरली अवघड वाट
धारगळीच्या वडाखाली मग टेकू क्षणभर पाठ

एकही गाव न चुकता. आणि शेवटी ठ! वाट आणि पाठ हे यमकच मुळात ढिलं. मास्तरांनी तेव्हा घेतलेली सवलत आज माझ्या नरड्याशी आली. मी म्हटलं, ‘ट धरूया की.’ त्यानं चमचा वाजवला. मी उद्यापर्यंत मुदत मागितली. तो अर्ध्या तोंडानं हसला आणि बोट अर्धंच वर केलं.

वड आता नाही. हायवे रुंद झाला तेव्हा गेला. बसथांब्याला लोक अजून वडाकडेच म्हणतात.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

सकाळपासून ठ शोधतो आहे. बायकोची, पार्वतीची मदत मागितली. म्हणाली, ‘ठोंब्या म्हणा. कविता नाय, पण शोभता.’

संध्याकाळी शस्त्रपूजा. पाटावर कोयता, विळी, खोरं, कुदळ, माझं शाईपेन, तिची शिवणाची कात्री. आणि यंदा लॅपटॉप. मी म्हटलं, ‘ह्याला कशाला?’ तर म्हणे, ‘तुमचा दुसरा कसला आवजार हा?’ झेंडूचं फूल, गंध, अक्षता, सगळं रीतसर झालं. त्याच्या कडेचा निळा दिवा लुकलुकत होता. तिला ते पटेना. ‘पूजेक बसलेल्यान डोळे मिचकावूक नाय,’ असं त्यालाच दटावलं. मी समईत तेल घालायला गेलो.

उद्यापर्यंत पाटावरच्या वस्तूंना हात लावायचा नाही. हा आमच्या घरचा नियम कडक आहे. माडाचं पान दारात पडलं तरी कोयता उचलत नाहीत. सुविधाला फोन करून सांगितलं, दोन दिवस सुट्टी. ती म्हणाली, ‘काका, दोनच ना?’

डोळ्याच्या ऑपरेशनमुळे काळा चष्मा आहे. पूजेत बसलो तर पार्वती म्हणते, ‘देवाक वाटात शिनेमावालो इलो.’

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सोनं वाटलं. लॅपटॉप देवाकडे, ठ माझ्याकडे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

लॅपटॉप पाटावरून उठला. चालू झाला. पडद्यावर आमच्या नातीचा फोटो आला, घड्याळ आलं, सगळं आलं. नेट नाही.

नेट जातं-येतं, त्याची मला सवय आहे. तेव्हा नाव दिसतं, पण पकडत नाही. आज नावंच दिसेनात. एरवी तो चौकोन दाबला की आख्खा वाडा उतरायचा: आमचं नेट, शेजाऱ्यांचं नेट, पलीकडच्या भाड्याच्या खोलीतल्या कुणीतरी ‘पासवर्ड मागू नये’ असं नाव ठेवलेलं नेट, आणि ‘मोपा पायलट’ नावाचं एक. हा पायलट कोण ते अजून कळलेलं नाही. आज त्या चौकोनात एकही नाव नाही. वाऱ्यावर इतकी माणसं होती ती गेली कुठे?

एक ‘दोष शोधा’ म्हणून बटण आहे. ते दाबलं. यंत्र बराच वेळ विचार करत बसलं आणि म्हणालं, दोष सापडला नाही. मला आमच्या खाणीवरच्या चौकशी समितीची आठवण आली.

मी हाताला येईल ते केलं. बंद केला, चालू केला. खिडकीत ठेवला. तुळशीपाशी नेला. लहानपणी आमच्या मामाचा रेडिओ असाच सगळ्या घरभर फिरायचा आणि शेवटी परसात आंब्याच्या बुंध्याशी लागायचा. म्हणून आंब्याकडेही नेला. पार्वती पायरीवर भाजी निवडत बघत होती. ‘आता माडार चढा,’ म्हणाली.

सुविधाला कळवलं. पलीकडून चमच्याची टकटक ऐकू येत होती.

४ ऑक्टोबर, शनिवार

सिद्धेश आला. तो मोपा विमानतळावर प्रवाशांच्या बॅगा यंत्रातून तपासतो. बॅगेतली सुई ह्याला दिसते. म्हटलं, ह्याला माझं नेट नक्की सापडणार.

‘काका, काय दाबलास?’

‘काही नाही.’

‘सगळे तसाच सांगतत.’

मग त्यानं कुठल्या कुठल्या चौकटी उघडल्या. ड्रायव्हर काढला. मी म्हटलं, ‘ड्रायव्हर काढल्यावर चालणार कसा?’ तो म्हणाला, ‘काका, गप.’ ड्रायव्हर परत घातला. बंद-चालू. नाही. मग त्याला शोध लागला की लॅपटॉप विमान मोडमध्ये आहे. तो ती खूण काढतो, ती आपोआप परत येते. काढतो, येते.

‘तुझ्याच विमानतळाची कृपा,’ मी म्हटलं. तेवढ्यात डोक्यावरून खरंच एक विमान गेलं. आम्ही दोघं वर बघत राहिलो. लॅपटॉपनं तेवढ्यात झोप घेतली.

सिद्धेशनं निदान केलं: आतलं कार्ड गेलं. जाताना काकीच्या हातच्या काकडीच्या धोंडसाचे चार तुकडे खाल्ले. त्याचं आतलं कार्ड उत्तम आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

ठ. ठिणगी, ठसा, ठेवा, ठाव. शब्द पुष्कळ, कविता एकही नाही. स्वतः रचलेली चालत नाही, हा मास्तरांचा नियम. नाहीतर एव्हाना रचून झाली असती.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी

नेटच्या कंपनीचा माणूस आला. भिंतीवरचा डबा बघितला, स्वतःचा मोबाईल लावून दाखवला. सुसाट. ‘आजोबा, तुमचं नेट ठीक आहे. तुमचा लॅपटॉप बहिरा झालाय.’

म्हणजे हवेत सगळं आहे. आमच्या पडवीत, पेजेच्या टोपावर, पार्वतीच्या अंबाड्यावरून, सगळीकडून नेट वाहतं आहे. फक्त ह्याला ऐकू येत नाही. मी त्या माणसाला म्हटलं, ‘माझा एक मित्र अगदी उलट आहे. त्याच्या आत सगळं आहे, बाहेर येत नाही.’ त्यानं कागद पुढे केला. सही घेऊन गेला.

संध्याकाळी सुविधाचा फोन. आमचा फोन साधा बटणाचा. त्यात चेहरे येत नाहीत.

‘काका, बाबा रोज वेळेर मशीनमुखार बसतात. शर्ट बदलून. केस विंचरून.’

‘काही म्हणतो का?’

‘पयल्या दिसा एक कविता म्हणली. एकटेच. मागीर चमचो वाजयलो. मागीर बोट वयर केलें.’

म्हणजे माझ्यावर भेंडी चढवली लेकाच्यानं! मी हसलो. ती हसली नाही.

‘काल अर्धीच म्हणली, काका. आज कायच ना.’

चांदणं चांगलं पडलं होतं. दूध आटवलं होतं. मला गेलं नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज सिद्धेशच्या मोबाईलवर प्रयोग. सुविधाच्या मोबाईलवर सगुण, सिद्धेशच्या मोबाईलवर मी. भिंतीवरच्या डब्याच्या आधारानं घरात बसून करता आलं असतं, पण सिद्धेशला घाई. म्हणाला, उजेड बरा आहे, अंगणातच उरकू. अंगणात नेट येतं ते फक्त विहिरीच्या कठड्याजवळ. मी कठड्याला टेकून उभा, काळा चष्मा, हातात मोबाईल लांब धरलेला, आणि पार्वती मागून माझा सदरा धरून. ‘पडलास तर मोबाईल सिद्धेशचो हा,’ म्हणाली.

सगुण दिसला. काडेपेटीएवढा. मी मोठ्यानं म्हटलं, ‘अरे सगुण, मी शांताराम!’ तो मोबाईलकडे बघत होता, पण माझ्याकडे नाही. माझे ओठ त्याला दिसत नव्हते. मलाच त्याचे दिसत नव्हते. मी एक कविता सुरू केली. त्यानं मान वळवली आणि लॅपटॉपच्या काळ्या पडद्याकडे बोट दाखवलं. मी तिथं असतो, असं त्याचं म्हणणं.

‘आणि...’ म्हणाला. ‘आणि...’

सुविधा म्हणाली, ‘राहूं दे काका.’

कठड्यापासून बाजूला होताना माझा पाय जरा घसरला. पार्वतीनं सदरा सोडला नव्हता.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सिद्धेशनं म्हापशाच्या एका दुकानात फोनवर विचारलं. मॉडेलचं नाव ऐकूनच तिकडचा मनुष्य म्हणाला, जुना आहे, भाग मिळायला वेळ लागेल, ठेवून जा, दिवाळी झाल्यावर बघू. सरळ नवा घ्या. माझ्याबद्दलही डॉक्टर जवळजवळ हेच म्हणाले होते, पण त्यांनी निदान तपासलं तरी होतं.

दिवाळीपर्यंत थांबता येणार नाही. दुकानदाराला ठ म्हणजे काय ते माहीत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज वाईट झालं.

सुविधानं बाबांना आपल्या परीनं मदत करायची म्हणून मास्तरांची गावांची कविता कागदावर उतरवून घेतली होती, माझ्याकडून फोनवर. आज तिनं पहिली ओळ म्हटली. सगुणनं पुढे म्हटलं, मोरजीपर्यंत गेला, आणि अडला. पार्सें त्याला सापडेना. परत पहिल्यापासून. परत मोरजी. मग रडला म्हणे.

सगुण पार्शाला अडला! त्या पार्शाला आम्ही दोघं चालत जत्रेला गेलो आहोत, पाय भाजेपर्यंत.

मी पार्वतीला सांगितलं, उद्या बसनं डिचोलीला जातो. इथून म्हापसा, म्हापशाहून डिचोली.

‘डोळ्यात धूळ गेली तर?’

‘दुसरा आहे.’

‘बरा. मग ह्या डोळ्याक ऑपरेशन कित्याक केला? शोभेक?’

मी म्हटलं, त्याचं बोलणं जातं आहे. ती म्हणाली, माका कळता. मी म्हटलं, तुला कळत नाही. हे म्हणायला नको होतं. सगुणच्या झटक्याच्या वेळी इस्पितळात रात्री बसायला हीच गेली होती, मी नाही. मी कविता आठवत घरी बसलो होतो.

ती आत भांडी लावायला गेली. थोड्या वेळानं आतून म्हणाली, ‘मंगळवारी सिद्धेशक सुट्टी हा. गाडयेन वचा. काचो बंद करून. मी पण येतंय.’

मंगळवार. ठीक. तोवर ठ मिळवायला हवा. त्याच्यासमोर रिकाम्या हातानं कसा जाऊ?

१२ ऑक्टोबर, रविवार

वाड्यावरच्या पोरांनी दिवाळीला जाळायच्या नरकासुराचा सांगाडा उभा केला आहे. अजून डोकं नाही. येता-जाता सगळे त्यालाच हाका मारतात. गवत भरलं की उत्तर देणार असल्यासारखे.

ठ नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सापडलं! आधी हसू आलं, आणि मग ते दुसऱ्या कारणानं पळालं. क्रमानं लिहितो.

पार्वती दिवाळीची साफसफाई काढून बसली होती. देवाची भांडी झाली, समई झाली, मग लॅपटॉप घेतला. कडेला खंडेनवमीचं गंध वाळून घट्ट बसलं होतं. ती खोबरेल लावून ते पुसत होती. मी खुर्चीत डोळे मिटून ठ मध्ये होतो.

‘ह्याचो दिवो तुमी परत पेटवलास नाय?’ तिनं विचारलं.

‘कसला दिवा?’

‘निळो. पूजेक मी मालवलेलो तो.’

मी डोळे उघडले. एक उघडायची परवानगी आहे, दोन्ही उघडले.

ती शांतपणे सांगू लागली. पूजेला बसवलेल्या आवजारानं काम करायचं नसतं. कोयता म्यानात, कात्री मिटलेली, पेनाला टोपण. हा एकटाच डोळे मिचकावत बसलेला. मग तिनं चाचपून बघितलं. दिव्याशेजारी एक लहानशी सरकती खिट्टी होती. ती सरकवली, दिवा विझला. वर गंध लावलं, अक्षता टाकल्या, नमस्कार केला.

‘आणि इतके दिवस बोलली नाहीस?’

‘माका कोणी विचारल्यान? तुम्ही आंब्याकडे गेलास, सिद्धेशान ड्रायव्हर काढलो. माका वाटला, दिव्याचा तुमका ठाऊक असताला. तो नेटचो आसा काय विजेचो, माका काय कळता?’

नेटची खिट्टी! कडेला, बोटाच्या नखाएवढी. नव्या लॅपटॉपला असली खिट्टी नसतेच, म्हणून सिद्धेशच्या पिढीला सुचली नाही. मला तर ती आहे हेच माहीत नव्हतं. यंत्र बिचारं रोज सांगत होतं, मी विमान मोडमध्ये आहे. ते विमानात नव्हतं, पूजेत होतं.

खिट्टी सरकेना. खाचेत अक्षतेचा एक दाणा अडकून हळदीनं चिकटला होता. पार्वतीनं अंबाड्यातली पिन काढली, दाणा उकरला, तो कपाळाला लावून तुळशीत टाकला. मग खिट्टी सरकवली. टिक.

निळा दिवा.

चौकोन दाबला. आख्खा वाडा उतरला. आमचं नेट, शेजाऱ्यांचं नेट, पासवर्ड मागू नये, मोपा पायलटसुद्धा. मला त्या पायलटला मिठी मारावीशी वाटली. पार्वती म्हणाली, ‘आता खयच्या कार्डाक दोष देवचो ता सिद्धेशाक विचारा.’

मी तेलकट झालेल्या लॅपटॉपवरूनच सगुणला कॉल लावला. वाजलं. उचललं. पडदा उजळला. त्याची खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल. टेबलावर चमचा.

खुर्ची रिकामी.

सुविधा धावत आली. केस मोकळे, धापा टाकत. ‘काका? तुमच्याकडेन आयले?’

‘कोण?’

‘बाबा घरात नात. दनपारां हांव न्हाणयेंत आसलें, तेन्ना भायर सरल्यात. शर्ट बदलून. केस विंचरून.’

दुपारी ती न्हाणीत होती तेवढ्यात हा निघालेला. घरच्यांनी दुकानं बघितली, देऊळ बघितलं, नदीकाठ बघितला. सुविधाचा नवरा मोटरसायकलवर फिरतो आहे. सगुणजवळ फोन नाही. कुणी नाव विचारलं तर ‘आणि’ म्हणेल. कुठं जायचं विचारलं तर ‘आणि’ म्हणेल. ऐकूही धड येत नाही. श्रावणापासून तो एकटा फाटकाबाहेर गेलेला नाही.

मी त्या खुर्चीकडे बघत बसलो आहे. कॉल चालू ठेवला आहे. पार्वतीनं सिद्धेशला कामावरून बोलावलं आहे, आम्ही डिचोलीला निघतो. तिनं माझा चष्मा पुसून दिला. धुळीबद्दल अक्षर काढलं नाही.

एवढे दिवस नेट नव्हतं तेव्हा तो त्या खुर्चीत होता.

सिद्धेश येईपर्यंत करायला दुसरं काही नाही म्हणून हे लिहितो आहे. बाहेर गाडीचा

१३ ऑक्टोबर, तिन्हीसांज

गाडी नव्हती, हायवेवर बस थांबून हॉर्न मारत होती. आणि दारावर काठी वाजली. टक. टक-टक. टक.

दार उघडलं तर खाकी शर्टातला बसकंडक्टर. ‘हे तुमचे? म्हापशाच्या स्टँडावर डिचोलीच्या कंडक्टरान माझ्या ताब्यात दिले. खय वचूचा विचारला तर कविता म्हणतत. पयली दोन गावा ऐकून डिचोलीत तेंका भलत्याच, सत्तरीतल्या केरयेच्या बशीत बसयले होते, ते उतरले. परत पयल्यापासून म्हणूक लागले. आमी कान देऊन रवलो. धारगळीचो वड म्हणाले तेवा समाजला. घर तेनीच दाखयला.’

त्याच्या बाजूला, हातात काठी घेऊन, सगुण. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस, धुळीनं माखलेल्या वहाणा. पार्सें त्याला सापडलं होतं.

लॅपटॉपमधून सुविधा ओरडत होती, ‘काका, कोण आयलो?’ पार्वतीनं लॅपटॉप दाराकडे वळवला. सगुणनं माझ्या ओठांकडे बघितलं, ठ ची वाट बघत. मग एक बोट पूर्ण वर केलं.

‘चढली,’ म्हणाला. ‘शांतू, चढली.’

हे कुठल्याच कवितेत नाही.